दोनशे पावलं

१

आमची मुलगी मंजू बंगळूरला शिकायला गेली आणि बिदरच्या नौबाद भागातल्या घरात आम्ही दोघंच उरलो. त्याच वर्षी मी जीप घेतली. जुनी, पांढरी, फोर-बाय-फोर. हुमनाबादच्या एका कंत्राटदाराकडे दहा वर्षं चिखल तुडवलेली, पण चढाला कधी नाही म्हणाली नाही.

कल्पना रत्नाची होती. नागरत्ना, माझी बायको. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. रिकाम्या घरात रविवार जाता जाईना, तेव्हा एकदा म्हणाली, "लोकांची जमीन मोजत तुम्ही सगळा मुलुख हिंडलाव. मला कवा दावणार?" मी सर्व्हेयर. बिदर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्ह्यांत माझी बावीस वर्षं बांधाबांधावरून गेली होती. म्हणून आम्ही तंबू आणला, एक छोटा स्टोव्ह आणला, आणि महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी निघायला लागलो. आळंदला माझी मेहुणी सगळ्यांना सांगत सुटली, की चांगलं स्लॅबचं घर सोडून ही दोघं माळावर झोपायला जायलीत.

ठरलेलं असायचं सगळं. रत्ना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा बांधायची. मी तंबू, दोर, पाण्याचे कॅन आणि माझी दुर्बीण गाडीत टाकायचो. वाटेत ती पाय वर घेऊन बसायची आणि मंजूच्या लहानपणच्या त्याच त्या गोष्टी सांगायची. मी त्याच त्या जागी हसायचो. माझ्या आयुष्यात मला खरं सुख कधी मिळालं असं कुणी विचारलं तर मी त्या गाडीतले ते दोन-अडीच तास सांगेन.

गेल्या जानेवारीत, येळवस, म्हणजे रानात जेवायची वेळा अमावस्या, होऊन आठवडा झाला असेल, आम्ही चिटगुप्प्याच्या पुढं एका माळावर जायचं ठरवलं. चिंचोळीच्या अंगाला उतार लागायच्या आधी हा तांबडा, सपाट माळ आहे. मी तिथं कधी मोजणी केली नव्हती. कुणी करायला सांगितलीच नव्हती. नकाशावर मात्र तो मला पाठ होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वातीन किलोमीटर.

२

माळाच्या कडेला एक धनगर मेंढरं चारत होता. साठीचा माणूस, खांद्यावर घोंगडं. गाडी थांबवून मी नाव विचारलं. हावगेप्पा म्हणाला.

"आत गाडी जाती का, हावगेप्पा?"

"जाती की. सपाट हाय सगळं."

"मेंढरं कामून आत नेत न्हाईस? गवत तर बरं दिसतंय."

"जात न्हाईत ती." त्यानं एका मेंढीला हातानंच वळवलं. "हाकललं तरी जात न्हाईत. मी बी सोडून दिलं."

रत्नानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पाणी हाय का आत, मामा?"

"दिसतंय," तो म्हणाला.

"हाय का न्हाई?"

"दिसतंय की," तो पुन्हा म्हणाला, आणि मेंढरांच्या मागं गेला.

आम्ही हसलो. आत शिरल्यावर समोर, फार तर दोन फर्लांगावर, एकच हिवराचं झाड होतं. बुडाशी चकाकणारं एक डबकं. त्याच्याजवळ तंबू ठोकायचा ठरवून मी गाडी सरळ त्याच्यावर धरली. रत्ना बोलत होती. मंजूनं पहिल्यांदा पोळी लाटली तेव्हाची गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली, तीही संपली. झाड समोर होतंच.

"लांब हाय की वो," ती म्हणाली.

पोचलो तेव्हा मी सवयीनं मीटरकडं पाहिलं. माळावर शिरताना मी आकडा शून्यावर आणला होता. आता तिथं सहा किलोमीटर आणि वर काही होतं.

सव्वातीनच्या माळात सहा. मी तिथंच उभा राहून विचार केला. मुरमावर चाक घसरतं. टायर नवे होते, मापात फरक पडू शकतो. आपण सरळ आलो असं वाटलं तरी गाडी वळसा घेऊ शकते. तीन कारणं मिळाली. मला एक पुरलं असतं. रत्नाला मी काही बोललो नाही. मागं वळून पाहिलं तर हावगेप्पाची मेंढरं अगदी जवळ, पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसत होती.

३

रात्री काहीच झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी त्या रात्रीत पुष्कळ शोधलं. जेवलो, झोपलो. थंडी होती. रत्नाची पाठ माझ्या पाठीला होती.

सकाळी साडेसातला ती कॅन घेऊन डबक्याकडं गेली. आम्ही झाडापासून जरा अलीकडं, सपाटी बघून तंबू ठोकला होता. तंबूपासून डबकं दोनशे पावलं. अंतर नजरेनं सांगणं हे माझं पोट भरायचं काम; त्यात माझी चूक दहा पावलांच्या वर होत नाही. मी स्टोव्हवर चहा ठेवला आणि ती जाताना पाहत राहिलो. ती पोचली, उकिडवी बसली, तोंड धुतलं, कॅन भरला. उठली. पदर खोचला आणि माघारी निघाली.

चहाला उकळी आली. मी दूध घातलं. पुन्हा उकळी आली. दोन पेल्यांत गाळला. वर पाहिलं तर ती अजून डबक्याजवळच होती, पण थांबलेली नव्हती. चालत होती. हातातला कॅन पावलागणिक हलताना दिसत होता. मी हात हलवला. तिनंही हलवला.

काहीतरी टिपत असेल, मोबाईलनं फोटो काढत असेल, असं म्हणून मी माझा चहा प्यायलो. तिच्या पेल्यावर झाकण ठेवलं. ती चालतच होती. तोंड माझ्याकडं, पावलं माझ्याकडं, आणि माळावरच्या एका बोटभर जागेतच.

कॅन जड झाला असेल म्हणून मी उठलो आणि तिच्याकडं निघालो. भरभर चाललो. पाच मिनिटं, सात मिनिटं. दम लागला तेव्हा थांबलो. रत्ना जेवढी होती तेवढीच होती. मी मागं पाहिलं.

तंबू माझ्या मागं वीस पावलांवर होता. स्टोव्हवरच्या पातेल्यातली वाफ दिसत होती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

४

"मागं मागं कामून जायलाव?" रत्ना म्हणाली. ती चिडलेली होती, घाबरलेली नव्हती. "सकाळी सकाळी मस्करी नका करू. कॅन जड हाय."

"मी कुठं मागं जायलोय? मी तुझ्याकडंच यायलोय."

"मला दिसंना का? मी चालायलेय तसं तुम्ही तंबूसकट मागं सरकायलाव."

तंबूसकट, असं ती म्हणाली. आणि मग तिलाच ते ऐकू आलं असावं, कारण तिचा राग एकदम उतरला.

मी तिला उभी राहा म्हटलं. ती उभी राहिली. मी जीपमध्ये बसलो, चावी फिरवली आणि गाडी सरळ तिच्यावर धरली. फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला.

"आता बघ. यायलोय का न्हाई?"

"आवाज यायलाय गाडीचा फोनमधनं."

"आणि दिसतंय काय?"

"गाडी तंबूपाशी हाय."

मी मीटर बघत होतो. एक किलोमीटर. दोन. चाकाखाली मुरूम करकरत होता, दगड उडून पत्र्याला लागत होते, तरवडाची झुडपं दोन्ही बाजूंनी मागं जात होती. सगळं गाडी चालल्यासारखं. चारवर मी वेग वाढवला. नऊवर ब्रेक मारला. आरशात तंबू होता, त्याच्या दोऱ्याची गाठसुद्धा ओळखू येत होती. समोर रत्ना होती. तिनं कपाळावर हात धरला होता, उन्हात लांबचं बघताना धरतात तसा.

"रत्ना," मी म्हटलं, "तू घाबरू नको."

"मी न्हाई घाबरले," ती म्हणाली. "तुमचाच आवाज कापायलाय."

५

माझ्या डोक्यानं तोवर काम सोडलं नव्हतं. अंतर चुकतंय म्हणजे कुठंतरी माप चुकतंय, आणि चुकलेलं माप सापडतं, ही माझी बावीस वर्षांची श्रद्धा. मी दुर्बीण लावली आणि तिला म्हटलं, कॅन तिथंच खाली ठेव आणि शंभर पावलं मोजून माझ्याकडं चाल.

तिनं ठेवला. मोठ्यानं मोजत चालली. शाळेत पोरींकडून पाढे म्हणून घेते तसा आवाज. शंभरला थांबली.

"कॅन कुठाय?" मी विचारलं.

"मागं. शंभर पावलांवर. चांगला दिसतोय. म्हंजे मी चालले ते खरं हाय, न्हाई का?"

दुर्बिणीत कॅन तिच्या पायाला लागून होता. चालताना एकदा तिचा पाय त्याला अडखळलेला मी पाहिला होता.

"व्हय," मी म्हटलं. "खरं हाय."

लग्नानंतर मी तिच्याशी फार खोटं बोललो नाही. ते एक बोललो.

मग नरसिंगला फोन लावला. नरसिंग चिटगुप्प्याचा, मोजणीत पंधरा वर्षं माझी साखळी धरणारा माणूस. मी म्हटलं, "बाई अडकल्यात. लगेच ये."

"कशात अडकल्यात साहेब? विहिरीत?"

"न्हाई. माळावर हायत. मला दिसायल्यात."

"किती लांब?"

"दोनशे पावलं."

"मग आणा की साहेब," तो म्हणाला, हळू, जसं आजारी माणसाला बोलावं.

मी ओरडलो असेन. तो निघतो म्हणाला. साडेअकराच्या सुमाराला त्याचा फोन आला. तो हावगेप्पाजवळ माळाच्या कडेला उभा होता. "साहेब, पुरा माळ दिसायलाय. हिवराचं झाड दिसायलंय. कुणीच न्हाई की. तुम्ही कोणत्या माळावर हाव?"

मी त्याला हॉर्न वाजवून दाखवला. फोनमधून ऐकू आला, म्हणाला. माळावरून नाही.

६

दुपारी ऊन चढलं तसं रत्नाचं चालणं मंदावलं. चपलेचा अंगठा तुटला होता, ती एक पाय ओढत होती. बसू नको असं मी कितीतरी वेळा म्हटलं, आणि बस असंही. दोन्हीचा उपयोग सारखाच होता. शेवटी ती बसली. हाताच्या ओंजळीनं कॅनमधलं पाणी प्यायली.

बॅटरी वाचवायला आम्ही दर अर्ध्या तासानं बोलायचं ठरवलं. मधल्या वेळात मी हाका मारायचो. तिचेही ओठ हलताना दिसायचे. माळावर वारा नव्हता, पक्षी नव्हता, आणि दोनशे पावलांवरून माणसाची हाक येत नव्हती.

दीडच्या फोनला ती म्हणाली, "मंजूला सांगितलाव का?"

"न्हाई."

"नका सांगू. परीक्षा हाय तिची." मग म्हणाली, "चहा ठेवलाव ना माझा?"

"गार झाला."

"असू दे."

दोनच्या फोनला मी तिचा श्वास ऐकत बसलो. मग म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. इथनं बघून बघून मला तुम्ही तुमच्यासारखे दिसंनात. नुसतं कुणीतरी माणूस उभाय असं वाटायलंय. मी डोळे मिटून तुमचं तोंड आठवायलेय. मग उघडायलेय."

"मीच हाय, रत्ना."

"ते कळतंय मला. आवाज तुमचाच हाय." मग ती म्हणाली, "आवाज कुणाचा बी असतो म्हणा."

तिला वाईट वाटेल म्हणून मी हसलो. ती नाही हसली. "चार टक्के राहिलंय," असं सांगून तिनं फोन ठेवला.

त्या अर्ध्या तासात मी देवाजवळ काही मागितलं नाही. आमच्या घरात रोज सकाळी लिंगपूजा चुकत नाही, पण त्या वेळी मला कळेना, की मागायचं ते नेमकं काय. ती जवळ यावी की मी? कोण हललं पाहिजे होतं?

७

अडीच वाजून गेले. ठरल्याप्रमाणे फोन आला नाही, म्हणून मी दुर्बीण लावली.

तिच्या मागच्या बाजूनं, डबक्याच्या पलीकडून, एक गाडी येत होती. धूळ नव्हती. आधी मला इतकाच आनंद झाला, की कुणीतरी पोचतंय. नरसिंगला वाट सापडली असं वाटलं. मग गाडी वळली आणि बाजू दिसली. पांढरी जीप. मागच्या दाराला पोचा होता, नोव्हेंबरमध्ये मी औरादच्या वाटेवर खडकाला घासून आणला होता तो.

मी माझ्या गाडीवर हात ठेवून उभा होतो. पत्रा उन्हानं तापला होता.

फोन वाजला.

"आलाव बाई एकदाचे!" रत्ना म्हणाली. इतका मोकळा आवाज मी तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ती रडत होती. "मागनं कसं काय आलाव? मी पुढंच बघत बसले येड्यावानी."

"रत्ना, तो मी न्हाई."

"काय? फुटायलाय आवाज."

"बसू नको त्या गाडीत! मी इथं हाय! तंबूकडं बघ, रत्ना, इकडं—"

"फोन ठेवा की आता," ती म्हणाली, आणि फोन कानापासून दूर नेत, हसत कुणालातरी म्हणाली, "समोर उभारून कामून बोलायलाव?"

मग फोन मेला.

दुर्बिणीत एक माणूस चालकाच्या बाजूनं उतरला. अंगात माझा राखी स्वेटर. मी खाली वाकून स्वतःच्या अंगावरचा स्वेटर पाहिला, दोन बोटांत धरून पाहिला. पुन्हा दुर्बीण लावली तेव्हा त्यानं तिच्या हातून कॅन घेतला होता. तिचा हात धरून तिला उठवत होता. सावकाश, काळजीनं, गुडघ्याला त्रास होऊ नये असं. मी तसं कधी उठवत नसे. मी नुसता हात पुढं करायचो.

तिला आत बसवून, दार लावून, तो गाडीच्या पुढून वळला आणि थांबला. माझ्याकडं पाहिलं. चेहरा माझाच होता, ते मी आधीच धरून चाललो होतो; त्याची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती याची, की त्याला मला बघून नवल वाटलं नाही. त्यानं एक हात जरासा वर केला. रस्त्यात कुणी वाट दिली तर आपण करतो तसा.

गाडी गेली. माळाच्या कडेपर्यंत जायला तिला चार-पाच मिनिटं लागली असतील. बरोबर सव्वातीन किलोमीटरच्या माळाच्या हिशेबानं.

८

मी धावलो. आणि दोनशे पावलांत डबक्यापाशी पोचलो.

मोजली मी. सवयच ती. एकशे अठ्ठ्याण्णव झाली. डबकं घोट्याएवढं होतं. काठापासून दोन हातांवर तांबडा मुरूम घासून घासून खोलगट झाला होता, जुन्या देवळाच्या उंबऱ्याची पायरी झिजते तसा. एका माणसाच्या पावलांएवढी जागा. एक पाय सरळ, एक ओढलेला. सकाळपासून ती त्या वीतभर खड्ड्यात चालली होती. शेजारी तुटलेल्या अंगठ्याची चप्पल पडली होती. टायरच्या खुणा नव्हत्या.

मी तंबू तसाच टाकला, गाडीत बसलो, आणि दहा मिनिटांत माळाच्या बाहेर आलो. काहीही आडवं आलं नाही. हावगेप्पाची मेंढरं लांब उतारावर गेली होती. डांबरी रस्ता लागल्यावर नरसिंगला फोन केला.

"साहेब!" तो म्हणाला. "आता बरं हाय का बाईंना?"

"तू कुठं हायस?"

"घरी आलो की. तुम्ही दोघं माझ्यासमोरनंच तर गेलाव. मी हात केला, तुम्ही थांबला न्हाईत. बाईंनी हात केला." तो चाचरत पुढं म्हणाला, "दुपारी तुम्ही फोनवर जे बोललाव ना, ते मी कुणाला सांगणार न्हाई. ऊन लागतं माणसाला."

मी गाडी बाजूला घेतली. बराच वेळ तुरीच्या रिकाम्या रानाकडं बघत बसलो. मग मंजूला फोन लावला. ती परीक्षेचा अभ्यास करत होती, पण लगेच उचलला.

"काय अप्पा, विसरलाव काय सांगायचं?"

"कवा?"

"आत्ताच की. दहा मिनिटं झाली न्हाईत, बोलून ठेवलाव. हुमनाबादला उसाचा रस प्यायला थांबलाव म्हणालाव."

"मंजू," मी म्हटलं, ती बंगळूरला आहे हेच विसरून, "अव्वाला दे. तुझ्या आईला."

ती खळखळून हसली. "अव्वा तुमच्यापाशी हाय की अप्पा!"

मी तिला काय सांगणार होतो? तिच्या बापाचा आवाज तिनं दहा मिनिटांपूर्वी ऐकला होता आणि तो आवाज आनंदात होता. माझ्याजवळ त्याहून खरं असं काहीच नव्हतं. अभ्यास कर, एवढं बोलून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून माझं सिम चालेना.

९

आता मी आळंदला असतो. बाजाराच्या मागं, डाळीच्या एका दुकानावर भाड्याची खोली आहे. मेहुणीच्या गल्लीत मी जात नाही. दाढी वाढवलीय. लोकांचे अर्ज लिहून देतो, कुणाच्या बांधाचं भांडण असलं तर नकाशा वाचून सांगतो. जीप एका रात्रीत बंद पडली, ती पुन्हा चालू झाली नाही.

मागच्या महिन्यात एक शेतकरी बिदरहून आणलेला मोजणीचा कागद घेऊन आला. खाली ताज्या तारखेची माझी सही होती. मी दोन दिवस तो कागद ठेवून घेतला आणि स्वतः रानात जाऊन टेप लावून तपासला. एका बोटाचाही फरक नव्हता. माझी मोजणी इतकी बिनचूक कधीच नव्हती.

पोलिसात का गेला नाहीस, असं मी स्वतःला रोज विचारतो. मी गेलो असतो. त्या संध्याकाळी मी घरी गेलोच होतो. तेवढं सांगायचं राहिलं आहे.

साडेसात झाले असतील. नौबादच्या आमच्या गल्लीत दिवे लागले होते, कुठंतरी कुकरची शिट्टी होत होती. घरासमोरच्या पत्र्याखाली पांढरी जीप उभी होती. मी माझी गाडी कोपऱ्यावर ठेवली आणि समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन थांबलो. स्वयंपाकघरात उजेड होता. भांड्यांचा आवाज येत होता. एक माणूस कानडीत काहीतरी गुणगुणत होता. मला गाता येत नाही.

मी ठरवलं होतं, सरळ आत जायचं. आत जे कुणी असेल त्याच्यासमोर रत्नानं आम्हा दोघांकडं बघावं आणि सांगावं. चोवीस वर्षांचा संसार आहे, ती ओळखेल. मी पाऊल उचललंसुद्धा.

दार उघडलं आणि रत्ना बाहेर आली. फाटक लावायला रोज येते तशी. लंगडत होती. फाटकाच्या कडीला हात लावला आणि तिनं वर पाहिलं.

आमच्यात पंधरा पावलं असतील. रस्त्यावरचा दिवा माझ्या तोंडावर होता. तिनं मला पाहिलं, आणि ओळखलं. यात मला कधीच शंका आली नाही. तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं ती आता किंचाळेल. पण तिनं ओठ आत घट्ट मिटले. डोळे भरून आले ते पुसले नाहीत. मग तिनं मान हलवली, एकदाच, अगदी थोडी. येऊ नका.

मी तरी एक पाऊल पुढं टाकलं. तिनं कडी गच्च धरली. बोटं पांढरी पडलेली मला दिसली. पुन्हा मान हलवली, आता भरभर, लहान पोराला विस्तवाजवळून हटवतात तशी.

आतलं गुणगुणणं थांबलं.

"कोण हाय गं बाहेर?" माझ्या आवाजात कुणीतरी विचारलं. माझ्या आवाजात, पण किती मायेनं.

रत्ना माझ्याकडंच बघत होती. तिनं फाटक ओढून घेतलं आणि कडी घातली.

"कुणी न्हाई," ती म्हणाली.